समोरच्यांचं शतक झालं की चप्पल शोधावी

क्रिकेट कसं बघायचं हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. कुठे, तर नेरुळला, आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये, डोई दोनशे रुपये वर्गणी भरून. त्यात दोन वडे आणि एक कटिंग धरलेला होता. वडे गार होते, पण शिकवणी म्हणून बघितलं तर महाग नाही पडली.

२ नोव्हेंबर २०२५ला, रविवारी, महिला विश्वचषकाची फायनल, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. ती डी. वाय. पाटील स्टेडियमवर, म्हणजे आमच्या गच्चीवरून ज्याचे दिवे दिसतात तिथे. तिकीट काही मिळालं नाही. मग हॉलमध्ये पडदा लागला, प्रोजेक्टर आला, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. पावसामुळे तीनची मॅच पाचला सुरू झाली आणि रात्री बारापर्यंत चालली. आमचं प्रक्षेपण कुणाच्या तरी मोबाइलवरून जोडलेलं, त्यामुळे मैदानातली आरोळी खिडकीतून आधी यायची आणि विकेट पडद्यावर नंतर पडायची. सगळं आधी कळूनसुद्धा माणसं ओरडत होती. असो. त्या सात तासांत मी जे शिकले ते एकटीकडे ठेवून काय करू? घ्या, तुम्हीही शिका. पुढची मॅच लांब नाही.

पहिलं म्हणजे, समोरच्या संघातल्या एकाही खेळाडूचं नाव लक्षात ठेवू नये. ‘ती उंच’, ‘ती पोनीटेलवाली’ एवढ्यावर काम भागतं. नाव माहीत असलं की शिवी देताना जीभ अडखळते.

आपला झेल सुटला तर दव पडलंय म्हणावं. त्यांचा सुटला तर हसावं.

नॉन-स्ट्रायकरला आपण धावबाद केलं तर तो नियम. त्यांनी केलं तर संस्कार काढावेत.

जर्सीचं थोडं सांभाळून. आमच्या दुसऱ्या रांगेत एक तरुण मुंबई इंडियन्सची जर्सी घालून बसला होता (निळी ती निळी, कोण बघतंय) आणि दक्षिण आफ्रिकेच्या नदीन डी क्लर्कच्या नावाने जे काही बोलत होता ते मी इथे लिहिणार नाही, माझी सासूही हे वाचते. तीच डी क्लर्क त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबई इंडियन्सच्या महिला चमूत होती. तेव्हा ‘आपली’ होती. सामन्यातला शेवटचा झेल तिचाच गेला, आणि घेतला कुणी, तर मुंबई इंडियन्सच्याच कर्णधाराने, हरमनप्रीतने. त्या पोराने नक्की कुणासाठी उडी मारली हे जर्सीला विचारायला हवं.

आता टाळी. इथे मी नापास झाले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्यांना २९९ करायचे होते. लॉरा वोल्वार्ड्ट एका बाजूने खेळत होती आणि दुसऱ्या बाजूने विकेटा पडत होत्या. ही बाई सेमीफायनलला इंग्लंडविरुद्ध १६९ करून आलेली. तिचा कव्हर ड्राइव्ह तुम्ही बघितला असेल. मारून झाल्यावर बॅट तशीच धरून क्षणभर उभी राहते, फोटोवाल्यांची सोय म्हणून असावं. अख्ख्या देशाचं ओझं डोक्यावर, समोर खचाखच भरलेलं स्टेडियम, त्यातले बहुतेक सगळे तिच्या विरुद्ध, आणि ती शंभरावर पोचली. माझे हात आपोआप वाजले. चार-पाच टाळ्या असतील. शिट्टी नाही, नाच नाही. पण हॉलमध्ये शंभरेक माणसं आणि टाळी एकटी, म्हणजे मंगलाष्टकं चालू असताना कुणाचा तरी फोन वाजावा तसं झालं.

पुढच्या रांगेतल्या तीन माना वळल्या. ‘काकू, तुम्ही कुणाकडून?’

लग्नात विचारतात ना, मुलाकडून की मुलीकडून, अगदी तस्सं. मी म्हटलं, ‘अहो, चांगली खेळली.’ त्यावर उत्तर आलं, ‘चांगली खेळली ते ठीक आहे, पण आपल्याविरुद्ध खेळली ना!’

मग कुणाविरुद्ध खेळायला हवं होतं तिने? फायनल होती बाबा. आपल्याविरुद्ध चांगलं न खेळण्याची अट घालून बोलावलं होतं का त्यांना? समोर कुणी चांगलं खेळणारं नसेल तर आपण जिंकलो म्हणजे काय केलं? सोसायटीच्या स्पोर्ट्स डेला दोनच नावं आली म्हणून दुसरा नंबर मिळतो, तसलं कौतुक हवंय का?

चुकलं. सल्ला द्यायचा होता. तर समोरच्यांचं शतक झालं की खुर्चीखाली वाकून चप्पल शोधावी. बॅट उंचावून, हेल्मेट काढून, पुन्हा घालून ती गार्ड घेईपर्यंत चप्पल सापडू देऊ नये. चप्पल पायातच असेल तर चटणी संपलीय का ते बघायला उठावं. हात कशात तरी गुंतवावेत. मोकळे राहिले की वाजतात.

थोड्याच वेळात दीप्ती शर्माला उंच मारायला जाऊन वोल्वार्ड्ट १०१ वर बाद झाली. अमनजोतच्या हातातून चेंडू उडाला, पुन्हा उडाला, तिसऱ्या खेपेला विसावला. मी खुर्चीवर चढले होते, हे कुणी बघितलं नाही. मघाचेच काका वळून म्हणाले, ‘बघा, तुमची दृष्ट लागली तिला.’ म्हणजे भारताच्या पहिल्यावहिल्या महिला विश्वचषकात माझाही हातभार आहे. बक्षिसाच्या रकमेतला हिस्सा कुठे मागायचा हे कुणाला माहीत असेल तर कळवा.

इतकं होऊन मिटलं असतं तर मी लिहायलाच बसले नसते. पण सोमवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला. काल काही सभासद विरोधी टीमला सपोर्ट करताना आढळले, ज्यांना असं करायचं असेल त्यांनी कृपया आपापल्या घरी मॅच बघावी, जय हिंद. खाली अंगठे सत्तावीस. मी मोजले. टाकी धुवायचे पैसे मागितले की याच ग्रुपवर चार अंगठे येत नाहीत. ‘आढळले’ हा शब्द बघा. वाहनतळात झुरळ आढळतं, तशी मी आढळले.

सपोर्ट म्हणे! गुरुवारी ऑस्ट्रेलियाविरुद्ध जेमिमाने नाबाद १२७ केल्या तेव्हा हॉलमध्ये नऊ माणसं होती. बायकांची मॅच, कोण बघतंय, म्हणून. त्या नवांत मी होते. फायनलला शेफालीच्या ८७ला घसा माझा बसला. हे सत्तावीस अंगठे गुरुवारी कुठे होते?

पुढचा सल्ला इतिहासाचा. तो निवडून लक्षात ठेवावा. १९८१चा ट्रेव्हर चॅपेलचा सरपटी चेंडू रोज आठवावा. टाकला होता न्यूझीलंडला, आपला काडीचा संबंध नाही, पण ऑस्ट्रेलियावाले कसे असतात हे सांगायला बरा पडतो. १९९६ची ईडन गार्डन्सची सेमीफायनल मात्र आठवू नये. बाटल्या आपणच फेकल्या होत्या आणि मॅच श्रीलंकेला देऊन टाकावी लागली होती. चेन्नई १९९९ तर अजिबातच काढू नये. पाठदुखीत सचिन १३६ करतो, जिंकायला १७ हवे असताना बाद होतो, उरलेले तिघं चार धावांत जातात आणि पाकिस्तान १२ धावांनी जिंकतं. आणि चेपॉकवरची माणसं काय करतात? उभी राहून टाळ्या वाजवतात! पाकिस्तानचा संघ मैदानाला फेरी मारतो आणि टाळ्या थांबत नाहीत. त्या लोकांना बहुधा चप्पल सापडत नसावी. तीन आठवड्यांत कोलकात्याने मात्र नाव राखलं. सचिन धावबाद झाला म्हणून एवढा दंगा केला की प्रेक्षकांना बाहेर काढून रिकाम्या स्टँडांसमोर कसोटी संपवावी लागली.

आणि २०१९ला ओव्हलवर आपलीच माणसं स्टीव्ह स्मिथला हिणवत होती, तेव्हा त्यांच्याकडे वळून हातवारे करत टाळ्या वाजवायला कुणी सांगितलं? विराट कोहलीने. त्याला आमच्या ग्रुपवर घ्यायला नको.

(दुबईत भारत-पाकिस्तान मॅचनंतर न झालेल्या हस्तांदोलनाबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. त्यावरून आधीच दोघं ग्रुप सोडून गेलेत, आणि त्यातला एक आमचा इलेक्ट्रिशियन होता.)

माझी खोड मुळात घरातली आहे. माझे वडील वानखेडेच्या नॉर्थ स्टँडमध्ये बसायचे. फेब्रुवारी १९८०ची बोर्डाच्या सुवर्णमहोत्सवाची कसोटी त्यांनी सगळी बघितली. शुक्रवारी सुरू झाली आणि शनिवारी खग्रास सूर्यग्रहण, म्हणून खेळाला सुट्टी. आजीने खिडक्यांना चादरी लावल्या होत्या आणि बाबा त्या अंधारात बसून आदल्या दिवशीचा खेळ सांगत होते. रविवारी इंग्लंड ५ बाद ५८. मग बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं. बाबा सांगायचे, तो निघायला तयार होईना, चेहरा असा की चोरीचा आळ आलाय. आपला कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ स्लिपमधून आला, त्याच्याशी बोलला, पंचांशी बोलला आणि टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथमने १७१ धावांची भागी केली. बोथमने शतक ठोकलं, वर तेरा विकेटा काढल्या. आपण दहा गड्यांनी हरलो.

बाबा विशीला, म्हणजे विश्वनाथला, आयुष्यभर शिव्या घालत. हातातली मॅच घालवली म्हणत. घरी कुणी पाहुणा आला आणि क्रिकेट निघालं की हे पुराण सुरू व्हायचं, आई आत चहा टाकायची आणि पाहुणा म्हणायचा, हो ना, काय गरज होती परत बोलवायची. की बाबा त्याच्यावरच उखडायचे. ‘काय गरज म्हणजे? बॅट लागली नव्हती त्याची!’

हे असलं घरात ऐकलेलं बरं नव्हे. मुलं बिघडतात. माझ्याकडे बघा.

हरल्यावरचे नियम सोपे आहेत. बक्षीस समारंभाला थांबू नये. अहमदाबादला २०२३मध्ये ट्रॅव्हिस हेडने १३७ केल्यावर स्टँड कशी रिकामी झाली ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. घरी येऊन हात धुवावेत आणि फोन घ्यावा. जिंकणाऱ्यांच्या बायकांची इन्स्टाग्राम खाती शोधावीत. मॅक्सवेलची बायको विनी रामन, तमिळ घरातली, ऑस्ट्रेलियात जन्मलेली. तिला त्या रात्रीनंतर लिहून सांगावं लागलं की भारतीय वंशाचं असूनही आपण जन्मलो त्या देशाच्या बाजूने असू शकतो. समोरचं कुणी सापडलं नाही तर आपल्यातलाच बघावा. २०२१ला दुबईत पाकिस्तानकडून दहा विकेटांनी हरलो ते अकरा जण मिळून. पण बोलणी कुणी खाल्ली? शमीने. का, ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे, आणि त्या सत्तावीस अंगठ्यांनाही माहीत आहे.

जिंकल्यावर तर काहीच बघू नये. परवा मॅच संपल्यावर पडद्यावर आपल्या मुली दक्षिण आफ्रिकेच्या रडणाऱ्या मुलींना जवळ घेत होत्या. ट्रॉफी अजून हातात यायची होती, आणि या त्यांची पाठ थोपटत उभ्या. आमच्या हॉलमध्ये तेव्हा पडद्यासमोर स्पीकर आणून ठेवला होता आणि नाच चालू होता. कुणाच्या तरी खांद्यावरून मला अर्धंच दिसलं.

पुरे आता. मला काही सल्ला-बिल्ला द्यायचा नाही.

त्या शतकाच्या वेळी मी एकटी टाळी वाजवत नव्हते. माझ्या शेजारच्या खुर्चीवर सी विंगमधला एक आठ वर्षांचा मुलगा होता. तोही वाजवत होता, माझ्याआधीपासून. संध्याकाळभर त्याने वहीत दोन्ही बाजूंच्या धावा लिहिल्या होत्या, वोल्वार्ड्टचं नाव दोनदा खोडून बरोबर लिहिलं होतं. आणि सोसायटीकरांनो, तुम्ही मागून हात घालून त्याचे हात खाली दाबलेत. ‘ए, आपली नाही ती.’ त्याने वही मिटली. मॅचमधली शेवटची पाच षटकं, विश्वचषक जिंकतोय आपण, आणि त्या पोराने एक आकडा लिहिला नाही. लाज वाटायला हवी. मला काय बोलायचं ते बोला, मी ग्रुपवर पुरून उरेन. पण तो मुलगा तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त मॅच बघत होता आणि तुम्ही त्याची मॅच संपवलीत. वर देशाचं नाव घेता? मैदानावर निळी जर्सी घालून उभ्या असलेल्या पोरी काय करत होत्या ते बघायलासुद्धा तुम्ही स्पीकर बाजूला केला नाहीत.

पुढच्या वेळी वर्गणीची वही घेऊन माझ्या दारात येऊ नका. डी. वाय. पाटीलची दोन तिकिटं काढणार आहे, रांगेत उभं राहावं लागलं तरी चालेल. एक माझं. दुसऱ्याबद्दल सी विंगमध्ये त्याच्या आईशी बोलून झालंय, नवी वही मी आणायची ठरलीय.