खळगे कुठे कोरायचे, हेही सांगायला हवे

लेसरने धातूवर सूक्ष्म खळगे कोरले आणि तेलात योग्य रसायने मिसळली, की घर्षण व झीज दोन्ही कमी होतात, असे लेखात म्हटले आहे. ते कोणत्या परिस्थितीत, हेही सांगायला हवे होते. नाशिकच्या अंबड-सातपूर भागात सुटे भाग बनवणाऱ्या आम्हा मंडळींचा हा रोजचा विषय आहे. इंजिनातल्या सिलिंडर लायनरवर (पिस्टन ज्यात सरकतो त्या नळीच्या अस्तरावर) होनिंगने, म्हणजे घासदगडाने घासून पाडलेल्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा हा याच विचाराचा जुना प्रकार. पिस्टन रिंग, म्हणजे पिस्टनभोवतीची कडी, वरच्या टोकाला क्षणभर थांबते आणि तेलाचा पदर विरळ होतो, तेव्हा या रेषांत साठलेले तेलच कामी येते. लेसरचे खळगे बहुधा काही मायक्रॉन खोल असतात. ते तेल साठवतात आणि झिजेचे कणही पोटात घेतात. मात्र बॉल बेअरिंगसारख्या, इवल्याशा जागेवर प्रचंड भार येणाऱ्या ठिकाणी मोठा किंवा खोल खळगा तेलाचा पदर उलट तोडू शकतो. शिवाय खळग्याच्या कडेला उठलेली धातूची कोर लॅपिंगने, म्हणजे बारीक घासून, काढली नाही, तर ती समोरचा भाग कानशीसारखी खरवडते, आणि लेखात याचा उल्लेखच नाही.

रसायनांचेही तसेच. तेलात मिसळायचे झेडडीडीपी हे जस्तयुक्त रसायन पोलादावर साधारण 100 नॅनोमीटर जाडीचा फॉस्फेटचा थर तयार करून झीज रोखते, पण त्या थराने घर्षण काही वेळा वाढते. हे वाढलेले घर्षण कमी करण्यासाठी मॉलिब्डेनमयुक्त रसायन वेगळे घालावे लागते. म्हणून लेखातल्या चाचणीच्या तेलात नेमके काय होते, हे लेखकाने अवश्य कळवावे.