अनंताच्या जरा पुढं

‘तासाला 120 उल्का’ असं वाचलं आणि मी तिथंच फसलो. 120 भागिले 60, म्हणजे मिनिटाला दोन. लग्नात अक्षता पडतात तशा पडणार, आपण फक्त कॅमेरा धरायचा! आकाश काळंकुट्ट हवं, उल्का जिथून सुटताना दिसतात तो बिंदू थेट डोक्यावर हवा आणि मध्ये ढग किंवा झाड यायला नको, तर 120, ही त्या आकड्याखालची बारीक अक्षरं मी नंतर वाचली. विम्याच्या कागदासारखी.

तारीख 13 डिसेंबर 2023. मिथुन राशीतून येणाऱ्या जेमिनिड्स उल्कावर्षावाच्या भरातली रात्र. बाकीचे बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे, पण हा 3200 फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा, हे मी बायकोला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, “कालच अमावस्या झाली. उद्या मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. येताना पाच झाडांच्या डहाळ्या आण.” फेथॉनचा विषय तिथंच मिटला.

कॅमेरा आतेभावाचा. शेत सासुरवाडीचं, बार्शी रोडला, नान्नजच्या पुढं. सोलापूरचा उजेड तिथवर येत नाही म्हणून ही जागा निवडली, तर मेव्हण्यानं हुरड्यासाठी आगटी पेटवून ठेवलेली. “दाजी, आधी हुरडा खावा, तारे कुठं पळून जात्यात?” ते सेकंदाला 35 किलोमीटरनं पळतात, हे मी शेंगाचटणीबरोबर गिळलं. हुरडा गुळभेंडीचा होता, त्यामुळं बारा वाजले.

आता फोकस. अंधारात ऑटोफोकस बिचारा घर्र घर्र करत पुढं-मागं चाचपडतो, म्हणून हातानं करायचा. रिंग शेवटपर्यंत फिरवली की अनंत, म्हणजे ताऱ्यांइतक्या लांबचा फोकस येतो, अशी माझी समजूत. लेन्स अनंताच्याही जरा पुढं जाते! इतकी कीर्तनं ऐकली, पण अनंताच्या पुढं जागा असते हे कुणी बोललं नव्हतं. पहिले नव्वद फोटो काढून झाल्यावर मोठं करून बघितलं, तर मृग नक्षत्राच्या जागी भिजवलेला साबुदाणा. त्यातल्या एका फोटोत खरीखुरी उल्का होती, पण ती साबुदाण्यातून गोगलगाय गेल्यासारखी दिसत होती. मग एक ठळक तारा स्क्रीनवर दहापट करून, तो सुईच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग फिरवली आणि वर चिकटपट्टी लावली.

शटर किती वेळ उघडं ठेवायचं त्याचं गणित पाठ होतं. लेन्सचे 18 मिलिमीटर, कॅमेऱ्याचा सेन्सर लहान म्हणून गुणिले दीड, म्हणजे 27; आणि 500 भागिले 27, म्हणजे साधारण 18 सेकंद. त्याहून जास्त ठेवलं तर पृथ्वी फिरते आणि ताऱ्यांच्या रेघा होतात. पण प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा आणखी 18 सेकंद ‘बिझी’ दाखवून गप्प बसायचा. सरकारी खिडकी बरी. फोटोतले ठिपके घालवायची एक सोय त्यात चालू राहिली होती आणि ती तेवढाच वेळ दुसरा, काळा फोटो काढत बसते, हे मला घरी आल्यावर कळलं. थोडक्यात, अर्धी रात्र कॅमेरा बंद डोळ्यानं बसला होता. सगळ्यात मोठी, हिरवट, शेत उजळून टाकणारी उल्का अर्थात त्याच 18 सेकंदांत पडली.

त्यात रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या, वर गाणी, आणि वळणावर दिव्यांचा झोत सरळ लेन्समध्ये.

दीडच्या सुमाराला तोंडावर बॅटरी पडली. “कोण हाय रं तिकडं?” डोक्यावरून काळी सोलापुरी चादर, समोर तीन पायांचं यंत्र, आणि अमावस्या नुकतीच झालेली. “गुप्तधन हुडकायलाव का काय?”

मेव्हणा आगटीपासून ओरडला, “अण्णा, आमचे दाजी हायती! तारा पडायची वाट बघायलेत!”

“ते व्हय,” अण्णा निवांत म्हणाले. “मी आल्यापासून पंधरा-ईस तर बघितले.” त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती, म्हणून ते गव्हाला पाणी द्यायला आले होते. मग माझ्याशेजारी उभं राहून त्यांनी मोजणीच सुरू केली. “त्ये बघा! त्ये गेला! दाजी, तुमचं मिशिन उलट्या बाजूला लावलंय.” मिशिन फिरवलं की उल्का मागच्या बाजूला. शेवटी अण्णा कंटाळून दारं धरायला निघून गेले.

तीनला कॅमेऱ्याची बॅटरी संपली. डहाळ्या मिळाल्या चार झाडांच्या. पाचवी मी शेजाऱ्यांच्या कुंपणातून आणली, बायकोला माहीत नाही.

एकूण 240 फोटो. एकात लखलखीत लांब रेघ सापडली, मी ओरडलोच. मोठं करून बघितलं तर रेघेवर सारख्या अंतरावर ठिपके. विमान. मग एक फोटो मात्र असा निघाला की बास. वर मृग, एकेक तारा टोकदार, आणि खाली बांधावरून गेलेली उजेडाची सळसळती रेघ. मेव्हण्याच्या मोबाईलवर पाठवला. दुपारी त्याच्याच फोनवरून अण्णा बोलले. “दाजी, ह्यात मी कुठं हाय?”

“अण्णा, ती रेघ म्हणजे तुमची बॅटरी. तुम्ही चालत होता, म्हणून आला नाहीत.”

“अन् तारा?”

“तोही आला नाही.”

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या. बायकोनं माझा मोबाईल उचलला आणि नेमका तोच फोटो सगळ्यांना दाखवला. “बघा, आमच्या ह्यांनी रात्रभर जागून उल्का पकडली.”

“अगं बाई! किती लांब असते हो ही?” एका काकूंनी मला विचारलं.

“नान्नजच्या जरा पुढं,” मी म्हणालो.