अदेयेमी म्हणजे राजघराणे नव्हे

जर्मन फुटबॉलपटू करीम अदेयेमीचा फोटो लावलेला एक मजकूर मराठी व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: अदेयेमी हे नायजेरियातल्या योरुबा लोकांचे आडनाव, अर्थ ‘राजवंशी’, हे नाव असलेला माणूस राजघराण्यातलाच, हे ओयो या योरुबा राज्याच्या सम्राटांचे आडनाव आणि जगभरचे अदेयेमी त्याच एका घराण्यातले, युरोप-अमेरिकेतले अदेयेमी म्हणजे गुलाम म्हणून नेलेल्या राजपुत्रांचे वंशज, ‘अदे’ हे संस्कृत ‘आदि’वरून आले आणि शेवटचा ‘मी’ तर चक्क मराठी, सगळ्यात शेवटी, जगात इतके लाख अदेयेमी आहेत असा एक भरघोस आकडा.

नाव योरुबांचे, एवढे खरे. उरलेल्यातली एक गोष्ट अर्धी खरी आहे, बाकी सगळ्या चुकीच्या. नावे ठेवण्यामागे योरुबांइतका विचार करणारे समाज जगात फार थोडे आहेत. त्यांच्या नावांवर असे काहीबाही चिकटवले की मूळची सुंदर गोष्ट झाकली जाते, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यावेसे वाटले.

‘अदेयेमी म्हणजे राजवंशी’

योरुबा नाव बहुधा एक अख्खे वाक्य असते. ‘अदे’ म्हणजे मुकुट, ‘ये’ म्हणजे शोभणे, ‘मी’ म्हणजे मला. मुकुट मला शोभतो, एवढेच ते नाव सांगते. ‘राजवंशी’ हे विशेषण त्यात कुठेही नाही. याच घडणीची नावे कितीतरी आहेत: अदेवाले, मुकुट घरी आला, अदेबायो, मुकुटाला आनंद भेटला, अदेनियी, मुकुटाला मान आहे. सगळीकडे एक छोटीशी घटना किंवा भावना आहे, आणि ती त्या घरात त्या वेळी काय चालले होते त्याच्याशी जोडलेली असते.

‘येमी’ एवढाच तुकडा ऐकून कुणाला अदेयेमी समजू नये, हेही इथेच सांगतो. नायजेरियाचे 2015 ते 2023 या काळातले उपराष्ट्राध्यक्ष येमी ओसिनबाजो यांचे पूर्ण नाव ओलुयेमी. तिथे मुकुटाच्या जागी ‘ओलु’ म्हणजे स्वामी, प्रभू आहे.

‘हे नाव असलेला माणूस राजघराण्यातलाच’

अर्धे खरे आहे ते हेच. ‘अदे’ने सुरू होणारी नावे मुळात मुकुटाचा हक्क असलेल्या कुळांत ठेवली जात. तो मुकुट म्हणजे शंकूसारखा उंच, मण्यांनी मढवलेला, पुढून मण्यांच्या झालरी सोडलेला; राजाचा चेहरा त्या झालरींआड जातो. तसा मुकुट घालण्याचा अधिकार परंपरा इफे नगरीच्या ओदुदुवा या मूळपुरुषाच्या वंशाकडे नेते.

पण योरुबा मुलखात राजा एक नव्हता. इफेचा ओओनी, ओयोचा अलाफिन, इजेबूचा अवुजाले, एग्बांचा अलाके, ओंदोचा ओसेमावे, अकुरेचा देजी. एकट्या एकिती भागात परंपरेने सोळा राज्ये मोजतात. प्रत्येक नगरात राजकुळ, बहुतेक ठिकाणी एकाहून जास्त शाखा, आणि शतकानुशतके वाढत गेलेला, गादीवर कधीच न बसणाऱ्यांचा मोठा गोतावळा. त्यात बाळाला नाव एकटा बाप देत नाही. आठव्या दिवशीच्या नामकरणात मध, मीठ, कोलाची बी आणि पाणी बाळाच्या ओठांना लावतात. आजोळची आणि बापाकडची वडीलधारी माणसे आपापले नाव पुढे करतात. एका मुलाला त्यामुळे सहज चार-पाच नावे मिळतात. आईकडून आलेला मुकुट असाच दुसऱ्या घरात जातो. पुढे तर मान, कर्तृत्व या अर्थानेही लोक ‘अदे’ वापरू लागले. आज त्या नावावरून राजरक्त सिद्ध होत नाही.

उलट बाजूही पाहा. ओयोचा 1911 ते 1944 एवढा काळ राज्य करणारा अलाफिन लादिग्बोलू. नावाच्या आरंभी ‘अदे’ नाही. इफेच्या गादीवर 2015 पासून असलेल्या ओओनींचे आडनाव ओगुनवुसी, म्हणजे त्याच्या आरंभी लोखंडाचा देव ओगुन. आणि लागोसचा 1845 ते 1851 मधला राजा कोसोको. त्या नावाचा अर्थ ‘कुदळ नाही’, म्हणजे तुला पुरायला कुदळ शिल्लक नाही, आता मरू नकोस. मुले जन्मून वारंवार दगावत असतील तर तेच मूल पुन्हा पुन्हा येऊन जाते असे मानतात. त्याला ‘अबिकू’ म्हणतात, आणि त्याला थोपवण्यासाठी अशी नावे ठेवतात. मालोमो, पुन्हा जाऊ नकोस. दुरोजाये, थांब आणि आयुष्य भोग. ज्यांच्या घरी आजोबांच्या पिढीत दगडू, धोंडू, भिकू ही नावे का ठेवली हे माहीत आहे, त्यांना हे वेगळे समजवावे लागणार नाही. एका राजाने हे असले नाव मुकुटासह मिरवले.

‘सगळे अदेयेमी ओयोच्या एकाच घराण्याचे’

आपण मराठी माणसे इथे हमखास फसतो. देशमुख, पाटील, सातारकर वाचले की आपल्याला हुद्दा दिसतो, गाव दिसते, भावकी दिसते. योरुबांकडे एकोणिसाव्या शतकापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या चालणारे आडनाव ही चीजच नव्हती. माणसाला स्वतःची नावे असत, कुळाची स्तुती असे, बस्स. मिशनऱ्यांच्या शाळा, बाप्तिस्म्याची वही, मग इंग्रजांची कचेरी. तिथे ‘दुसरे नाव काय?’ असा प्रश्न आला आणि लोकांनी बापाचे किंवा आजोबांचे जन्मनाव सांगितले. ते नाव पुढे घट्ट झाले. म्हणजे ज्या ज्या घरात त्या पिढीत अदेयेमी नावाचा कर्ता पुरुष होता, तिथे तिथे हे आडनाव स्वतंत्रपणे जन्मले. सख्ख्या भावांच्या शाखांची आडनावेही यातून वेगळी होऊ शकली.

ओयोच्याच राजघराण्यात हे लख्ख दिसते. नव्या ओयोचा संस्थापक अलाफिन अतिबा. त्याच्यानंतर त्याचा मुलगा अदेलू गादीवर आला आणि अदेलूनंतर 1876 मध्ये अतिबाचाच दुसरा मुलगा, अदेयेमी पहिला. बाप अतिबा, एक भाऊ अदेलू, दुसरा अदेयेमी. समान आडनाव कुणाचेच नाही. 1905 पर्यंत राज्य केलेल्या या अदेयेमीचे नाव पुढे त्याच्या शाखेने धरले. त्याच शाखेतला अदेयेमी दुसरा 1950 च्या दशकात प्रादेशिक सरकारशी भांडून गादीला मुकला. त्याचा मुलगा लामिदी 1970 मध्ये अदेयेमी तिसरा म्हणून आला आणि एप्रिल 2022 मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिला. शाखेचे नाव अलोवोलोदू. ओयोत गादीवर हक्क असलेली दुसरी शाखा अगुनलोये, आणि 2025 मध्ये अलाफिन झालेले अबिंबोला अकीम ओवोआदे त्या शाखेतले. ‘ओयोच्या सम्राटांचे आडनाव अदेयेमी’ हे वाक्य आज खुद्द ओयोच्या सम्राटालाही लागू पडत नाही.

आता बाकीचे अदेयेमी. ओंदो गावातली अदेयेमी शिक्षणसंस्था, जी आज केंद्रीय शिक्षण विद्यापीठ आहे, तिचे नाव एका अँग्लिकन पाद्री-शिक्षकावरून, कॅनन अदेयेमींवरून पडले. पूर्वी नायजेरियाच्या सिनेटमध्ये असलेले स्मार्ट अदेयेमी कोगी राज्यातले, योरुबा मुलखाच्या पार ईशान्य टोकाच्या ओकुन लोकांतले. ओयोचे अलाफिन लामिदी मुसलमान, ओंदोचे अदेयेमी ख्रिस्ती पाद्री. नाव तेच, प्रांत, धर्म, बोली वेगळी.

कूळ जाणून घ्यायचे असेल तर योरुबा माणूस आडनावाकडे पाहत नाही, ‘ओरिकी’ ऐकतो. ओरिकी म्हणजे कुळाची पिढ्यांनी रचत नेलेली स्तुती. कूळ कुठल्या गावाहून निघाले, पूर्वजांनी काय केले, कशाचा अभिमान बाळगला, हे सगळे तिच्यात असते. ओनिकोयींची ओरिकी लढवय्यांची. लढाईला पाठ न दाखवणे हा तिचा गाभा. घरातल्या वयस्क बायका ती पाठ म्हणतात: लग्नात, अंत्यविधीत, कधी नुसती नातवाला जवळ घेऊन सकाळी उठवताना. नावाच्या सुरुवातीचा तुकडाही कधी धंदा सांगतो, जसे ‘आयान’ ढोलवादकांच्या घरी, ‘ओदे’ शिकाऱ्यांच्या, ‘ओजे’ पूर्वजांचे सोंग घेणाऱ्या एगुनगुन पंथाच्या. पण तोही आता बिनचूक राहिलेला नाही. ख्रिस्ती झालेल्या कित्येक घरांनी ‘इफा’, ‘ओगुन’ हे देव नावातून काढून त्या जागी ‘ओलु’ किंवा सरळ ‘जेसु’ घातले. फाबुन्मी होते ते जेसुबुन्मी झाले.

‘परदेशातले अदेयेमी गुलामांचे वंशज’

हा दावा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण त्यात गुलामगिरीने नेमके काय हिरावून घेतले हेच पुसले जाते. जुने ओयो साम्राज्य कोसळले त्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात, असंख्य योरुबा माणसे ब्राझीलमधल्या बाहियाला आणि क्युबाला विकली गेली. त्यांची नावे तिथे टिकू दिली नाहीत. जहाजावर किंवा मळ्यावर पोर्तुगीज, स्पॅनिश नाव चिकटवले गेले. मुक्त होऊन ब्राझीलहून लागोसला परतलेली कुटुंबे म्हणून आजही दा सिल्वा, परेरा, कार्दोझो आहेत. गोव्याच्या वाचकाला ही नावे परकी वाटणार नाहीत. बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज आडनाव देण्याची रीत तीच.

सॅम्युएल अजायी क्राउदर यांची गोष्ट तर योरुबा शाळांत सगळे शिकतात. ओसोगुन गावचा हा मुलगा 1821 मध्ये पकडला गेला, विकला गेला. 1822 मध्ये ब्रिटिश आरमाराने ते जहाज अडवले आणि त्याला सिएरा लिओनला उतरवले. 1825 च्या बाप्तिस्म्यात एका इंग्रज पाद्र्याचे नाव त्याला मिळाले. 1864 मध्ये तो अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकी बिशप झाला. त्याचे ‘अजायी’ हे नाव मात्र टिकले. पालथ्या तोंडाने जन्मलेल्या मुलाला हे नाव मिळते. योरुबा म्हणतात की असे नाव मूल स्वर्गातूनच घेऊन येते. जुळ्यांतले ताइवो आणि केहिंदे, त्यांच्या पाठचे इदोवू, सगळी तशीच. पण आडनाव म्हणून जगाने लक्षात ठेवले ते क्राउदर.

आजचे परदेशी अदेयेमी बहुतांशी अलीकडच्या स्थलांतरातले. 1960 मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर शिकायला गेलेले, आणि 1980 च्या दशकात तेलाचे भाव पडून नायरा या तिथल्या चलनाची किंमत घसरल्यावर नोकरीसाठी गेलेले डॉक्टर, परिचारिका, अभियंते. इंग्लंड-वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत नायजेरियात जन्मलेले सुमारे 2 लाख 70 हजार लोक होते, अर्थात त्यांत योरुबांबरोबर इग्बो आणि इतरही आले. खुद्द करीम अदेयेमी 2002 मध्ये म्युनिकला जन्मला. वडील नायजेरियन, आई रोमानियन. फुटबॉलपटू टॉम अदेयेमी इंग्लंडमधल्या नॉरिचचा. कादंबरीकार टोमी अदेयेमी अमेरिकेत वाढली, तिचे आईवडील नायजेरियातून आलेले. लागोसच्या माकोको या पाण्यावरच्या वस्तीत 2013 मध्ये तरंगती शाळा उभारणारे वास्तुविशारद कुनले अदेयेमी जन्मले उत्तरेकडच्या कादुना शहरात, म्हणजे योरुबा मुलखाच्या बाहेर, आणि काम करतात ॲमस्टरडॅमहून. यातले कुणीही गुलामांच्या जहाजातून आलेले नाव वागवत नाही.

‘अदे म्हणजे आदि, मी म्हणजे मी’

हा निव्वळ बादरायण संबंध. योरुबा ही नायजर-काँगो भाषाकुळातली, मराठी इंडो-युरोपीय कुळातली. हजारो शब्दांच्या दोन भाषांत एखादा आखूड शब्द जुळणारच. आणि जुळतो तोही नीट जुळत नाही: योरुबात शब्दाचा अर्थ सुरांच्या चढ-उतारावर ठरतो, तीन पट्ट्या असतात, आणि ‘ये’मधला एकार आपल्या एकारापेक्षा जास्त उघडा, लिहिताना खाली टिंब देऊन दाखवलेला. देवनागरीत उतरवताना हे सगळे गळून पडते. त्या उरलेल्या सांगाड्यावर व्युत्पत्ती उभी करता येत नाही.

‘जगात इतके लाख अदेयेमी’

नायजेरियाची शेवटची जनगणना 2006 ची. तिच्यात वंश आणि धर्म हे प्रश्न वादाच्या भीतीने मुद्दाम वगळले होते. योरुबा लोक किती, हेसुद्धा त्यामुळे अंदाजानेच सांगतात. आडनावांच्या संकेतस्थळांवरचे आकडे दूरध्वनीच्या याद्या, मतदारयाद्या असल्या तुकड्यांवरून गुणाकार करून काढलेले असतात, आणि ज्या देशात अशी यादी नाही तिथे तो गुणाकार हवेतच होतो. त्यात हे नाव शेजारच्या बेनिन देशातल्या केतू, पोबे, पोर्तो-नोव्होच्या योरुबांत फ्रेंच वळणाने लिहितात, तर इंग्लंडमध्ये टिंब आणि सूर दोन्ही टाकून देतात. संगणक त्यांना वेगवेगळी नावे मोजतो. आणि ज्या असंख्य माणसांचे अदेयेमी हे आडनाव नसून पहिले नाव आहे, ती कुठल्याच आडनावांच्या यादीत येत नाहीत.