रामाचा जप आणि कलमावरचं सैन्य

निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी मोठं हाती घ्यावं म्हणतात. मी एकदम तेरा कोटी हाती घेतले. रुपये नव्हेत, जप.

समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला, नदीच्या पाण्यात उभं राहून, ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरी मंत्र १२ वर्षांत १३ कोटी वेळा जपला, अशी परंपरा आहे. जन्मभर खतावण्या लिहिल्यामुळे माझा हात आधी माळेकडे न जाता कॅल्क्युलेटरकडे गेला. माळ १०८ मण्यांची धरली, तर समर्थांच्या रोज २७५ माळा पडतात. माझी एक. या वेगाने मला सुमारे ३,३०० वर्षं लागतील. हे कोकणात फक्त परशुरामाला परवडेल. तो चिरंजीव आहे आणि चिपळूणजवळ डोंगरावर त्याची स्वतःची जागाही आहे.

मुलाला मुंबईला फोन लावला. “उरलेला जप वारसाने चालवशील ना?”

“बाबा, पणजोबांचा सामाईक बागेचा दावा चालवतोय, तेवढं पुरे.”

तरी बसलो. पहाटे बसावं, तर पहाटे मला झोप लागते. म्हणून चहानंतर, पडवीत. समोर हापूसची कलमं, एप्रिल महिना, आणि नेमका माळेच्या मध्यावर कौलांवर धाडकन आवाज. वानर! आता पेच बघा. तोंडात रामाचं नाव आणि कलमावर रामाचंच सैन्य. शिवी द्यावी तरी कोणाच्या माणसांना? बरं, ही मंडळी आंबा खातात असंही नाही. एक चावा घेतात, तोंड वाकडं करतात, फेकतात आणि दुसरा तोडतात. वर्षभर खत-फवारणीवर पैसे ओतलेल्या माणसासमोर हे चालतं. मी मंत्र न तोडता तोंड मिटून “हूंऽऽ हूंऽऽ” केलं. थोरल्या हुप्प्याने माझ्याकडे बघून तस्संच केलं. ते बहुधा उत्तर होतं. मग मी माळ फेकून खळ्यात धावलो आणि जे बोललो, ते गडग्यापलीकडच्या काकूंनी ऐकून कानाला पदर लावला.

वानरांतून सुटलो, तर मासेवाली. “वैनी, म्हावरं घ्या म्हावरं!” हर्णैचा ताजा बांगडा दारात आला की जय राम आणि जय जय राम यांच्यामध्ये तिरफळ घातलेलं तिखलं आपसूक शिजायला लागतं. त्यावर शास्त्रात काय उपाय आहे ते मला ठाऊक नाही. आमच्याकडे उपाय म्हणजे बांगडे घेणे.

असा पहिला हंगाम गेला. मन एकाग्र झालं का, असं कोणी विचारू नये. पण दुसऱ्या हंगामात एक गोष्ट आमच्या हिच्या लक्षात आली.

“अहो, तुम्ही हल्ली ओरडता तेव्हा माळ हातातच असते.”

खरंच की! वानर आले, मी पायरीपर्यंत गेलो, बेचकी शोधली, “हाऽड” म्हणालो, पण बोट होतं त्याच मण्यावर. परत येऊन पुढचा मणी ओढला. काकूंनीही दुजोरा दिला: शिव्या कमी झाल्यात, आणि उरलेल्या सौम्य आहेत. तेरा कोटींच्या खात्यात याची नोंद कुठे करायची? वहीत रकानाच नव्हता. मी नवा आखला, त्याला मथळा दिला ‘इतर जमा’. त्यात पुढे बांगडेवालीचा आवाज ऐकूनही बसून राहिल्याची एक नोंद पडली. त्या दिवशी मुशी होती, ते मी लिहिलं नाही.

परवा एकादशीला आमच्याकडे मासे नव्हते, म्हणून वेळ उरला आणि दुसरी माळ झाली. लगेच कॅल्क्युलेटर. वर्षाच्या २४ एकादशींना दोन-दोन माळा केल्या, तर तब्बल २०० वर्षं वाचतात! धावत स्वयंपाकघरात जाऊन हिला वही दाखवली.

तिने नारळ खवता खवता आकड्यांवर नजर टाकली. म्हणाली, “छान. म्हणजे बागेच्या निकालाच्या सुमाराला संपेल.”