डीएनए जुळला म्हणून नाव ठरत नाही

“निळं-हिरवं शेवाळ ओळखायला आता सूक्ष्मदर्शक नको. १६एस जनुक वाचा, जनुकपेढीत ताडून बघा. ९९ टक्के जुळलं तर तीच प्रजाती, नाही जुळलं तर नवी.” सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये हा सल्ला फार फिरतो. (निळं-हिरवं शेवाळ म्हणजे खरं तर प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू; १६एस हे सगळ्या जिवाणूंत असणारं एक जनुक; आणि जनुकपेढी म्हणजे जगभरातून जमा केलेल्या डीएनए-अनुक्रमांचा साठा.)

यात खरं आहे ते आधी मान्य करते. नुसत्या रूपावर भरवसा ठेवून आपण पुष्कळ फसलो आहोत. पावसाळ्यात गच्चीच्या कोपऱ्यात जेलीसारखे हिरवट गोळे दिसतात. उन्हाने त्यांची काळी पापडी होते आणि सर आली की ते पुन्हा फुगतात. हा नॉस्टॉक. भिंगाखाली मण्यांची माळ दिसते, मधूनच एखादा जाड भिंतीचा फिकट मणी: हवेतला नायट्रोजन बांधणारी पेशी. पण अशीच माळ असलेल्या जिवांतून २००७ साली मोजाविया, २०१३ साली डेस्मोनॉस्टॉक आणि २०१७ साली अ‍ॅलिनॉस्टॉक असे वेगळे वंश, म्हणजे प्रजातींचे गट, निघाले. जनुकांशिवाय ते कळणं कठीण होतं.

पण ९९ टक्क्यांचं गणित चुकीचं आहे. समानता ९८.७ टक्क्यांच्या खाली गेली तर प्रजाती वेगळी मानायला आधार मिळतो. त्याहून जास्त जुळलं म्हणून ती एकच ठरत नाही. १६एस फार सावकाश बदलतं. म्हणून शेजारचा, लवकर बदलणारा आयटीएस नावाचा डीएनएचा पट्टा आणि त्याच्या आरएनएच्या घड्या बघतात. तिथेही जपावं लागतं: एकाच पेशीत या पट्ट्याच्या वेगवेगळ्या प्रती असू शकतात, आणि भलत्याच प्रती ताडल्या तर एका जिवाचे दोन होतात.

जनुकपेढीतलं नावही अनुक्रम जमा करणाऱ्यानेच दिलेलं असतं. त्याची ओळख चुकली असेल तर तुमचीही चुकते.

“नाही जुळलं तर नवी” हेही तसंच. वनस्पती, शेवाळ आणि बुरशी यांच्या नामकरण-संहितेनुसार नाव द्यायचं तर लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन वा भेददर्शक लक्षणं प्रसिद्ध करावी लागतात, ज्याच्याशी ते नाव कायमचं जोडलं जातं असा प्रमाण नमुना ठरवावा लागतो. नुसता अनुक्रम पुरत नाही.

आणि सूक्ष्मदर्शक नको म्हणणाऱ्यांना मला एटोक्थोनॉस हायड्रिलिकोला हे निळं-हिरवं शेवाळ दाखवावंसं वाटतं. १९९४-९५च्या हिवाळ्यात अमेरिकेत आर्कान्सामधल्या डीग्रे तलावाजवळ २९ गरुड मेले. मेंदूच्या पांढऱ्या भागात पोकळ्या पडल्या होत्या. शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगाला वापरतो ती हायड्रिला तिथले पाणपक्षी खात आणि त्यांना गरुड खात. त्या हायड्रिलाच्या पानांवर, प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली, लाल चमकणाऱ्या या जिवाच्या वसाहती दिसल्या. शाखा फुटणारे त्याचे तंतू आणि जनुकं दोन्ही तपासून २०१४ साली त्याला नवा वंश म्हणून नाव मिळालं. प्रयोगशाळेत वाढवलेला तोच जीव मात्र गरुडांना मारणारं विष करीना. पाण्यात ब्रोमाइड घातल्यावर तो विष करू लागला, आणि २०२१ साली त्या विषाची रचना प्रसिद्ध झाली. १६एसच्या अनुक्रमात यातलं काहीच वाचता आलं नसतं.