लहान कुत्रं म्हणजे घरातलं कुत्रं? प्रतिक्रियेला उत्तर

फ्लॅटमध्ये कोणत्या जातीचं कुत्रं पाळावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चिडलात त्याचं नवल नाही. ज्या जॅक रसेल या छोट्या, चपळ जातीबद्दल मी ‘फ्लॅटमध्ये आणण्याआधी दहा वेळा विचार करा’ असं लिहिलं, त्याच जातीचा कुत्रा तुमच्याकडे दोन खोल्यांत सहा वर्षं मजेत राहतोय. वर मी ग्रेहाउंड, म्हणजे उंच, सडपातळ, वेगानं धावणारा कुत्रा सुचवला. एवढं धिप्पाड जनावर घरात कोंडणं हा छळ आहे, असं तुमचं म्हणणं.

पण तुम्हीच लिहिलंय: सकाळी तासभर पळणं, संध्याकाळी चेंडू, रात्री लपवलेल्या वस्तू हुडकायला लावणं. एवढं रोज कोण करतं हो? इंग्लंडमध्ये १९व्या शतकात या कुत्र्याला घडवलं गेलं ते कोल्ह्याच्या शिकारीसाठी. बिळात शिरायचं आणि भुंकून भुंकून कोल्ह्याला बाहेर काढायचं. अंग लहान ठेवलं ते बिळात मावावं म्हणून. तुम्ही त्याला रोज बिळाएवढं काम देता, म्हणून तुमचा सोफा शाबूत आहे.

माझा राहिला नव्हता. गुडघ्याएवढाच असतो म्हणून मी बीगल आणला होता. हा कळपानं वासावर माग काढणारा कुत्रा. मागून येणाऱ्या शिकाऱ्याला दुरूनही ऐकू जावं असा त्याचा हेल. घरात एकटा राहिला की तो तोच हेल काढायचा. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून मला ऐकवलं. बोलल्या काहीच नाहीत, नुसता फोन पुढे धरला. उंची मोजून कुत्रा निवडायची माझी हौस त्या दिवशी फिटली.

ग्रेहाउंडचं उलट. ताशी ७० किलोमीटरच्या आसपास धावेल, पण थोडाच वेळ. ओळखीच्यांकडे एक आहे. मी गेले तेव्हा गादीवर उताणा, चारही पाय वर, जीभ एका कडेला लोंबलेली. बेल वाजली तर एक डोळा उघडला आणि परत मिटला. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, त्यामुळे जाड गादी आणि थंडीत अंगावर काहीतरी लागतं. घरात मांजर असेल तर मात्र जपून.

‘मग पग घ्यावा, तो आळशीच असतो’ हे मला पटत नाही. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो, आणि पगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींना नेमकं तेच जड जातं. पुष्कळदा ज्याला आपण आळस म्हणतो तो अपुरा श्वास असतो. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या लहान जातीचा स्वभाव घरासाठी लोण्यासारखा, कबूल. पण या जातीत हृदयाच्या झडपेचा आजार फार. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये त्यांची पैदास तिथल्या प्राणीकल्याण कायद्याविरुद्ध ठरवली, ती अशा आनुवंशिक आजारांमुळेच.

एका बाबतीत मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. सगळा लेख जातिवंत कुत्र्यांवर लिहिला आणि मिश्र जातीच्या मोठ्या झालेल्या कुत्र्यांचा उल्लेखही केला नाही. पिल्लाबद्दल नुसते अंदाज बांधता येतात. तीन वर्षांचं कुत्रं एकटं राहतं का, दारावरच्या आवाजाला काय करतं, हे समोर दिसतं. लेखात ही भर आजच घालते.

आणि एक सांगा. दिवसभर पाऊस लागला आणि बाहेर पडताच आलं नाही, की तुमचा जॅक रसेल काय करतो?