बॅकअप झालो मां?

सगळ्यात आधी अभिनंदन. किनाऱ्यावरच्या पतसंस्थेत 'कॉम्प्युटरचं बघणारा' हे पद तुम्हाला मिळालं. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यापासून चेअरमनांच्या मोबाईलवर नातवाचा फोटो लावून देण्यापर्यंत सगळं आता तुमच्याकडे. त्यात बॅकअपही आला, म्हणजे हिशोबाची जादा प्रत काढून ठेवणं. घाबरू नका. टेप ड्राइव्ह आहे, म्हणजे कॅसेटसारख्या टेपवर माहिती लिहिणारं यंत्र (मार्चअखेरीला बजेट उरलं म्हणून घेतलेला, संस्थेचा सगळा हिशोब एका पेन ड्राइव्हवर मावला असता, तो भाग वेगळा), टेपा आहेत, आणि मुख्य म्हणजे हे सगळं आपोआप करणारी मदतनीस युटिलिटी, म्हणजे छोटा प्रोग्राम, आहे. तुम्हाला काहीच करायचं नाही. ते काहीच न करणं व्यवस्थित कसं करावं, एवढंच सांगतो.

टेप म्हटल्यावर कोणी हसलं तर हसू द्या. २०११ च्या फेब्रुवारीत एका सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे जीमेलच्या काही लोकांचे मेल गायब झाले, वेगवेगळ्या ठिकाणच्या डिस्कांवरच्या प्रतींसकट. गूगलने ते टेपवरूनच परत आणले. कपाटातल्या टेपपर्यंत व्हायरस पोचत नाही, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारेही पोचत नाहीत. तुम्ही त्यातला 'कपाटातल्या' हा शब्द तेवढा विसरा आणि टेप कायम ड्राइव्हमध्येच ठेवा. रोज काढा, बदला, लेबल लावा, कोणी सांगितलंय?

आता युटिलिटी. ती काही नवं करत नाही. टार आणि एमटी हे जुने आदेशच ती तुमच्या वतीने चालवते, एक फायली टेपवर लिहिणारा, दुसरा टेप पुढे-मागे करणारा. तिला एक कॉन्फिग फाईल लागते. काय घ्यायचं, कुठे लिहायचं, किती वाजता, आणि झाल्यावर कोणाला कळवायचं. त्या फाईलमध्ये नमुना म्हणून काहीबाही आधीच भरलेलं असतं. ज्याने युटिलिटी लिहिली त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं ना? मग हात लावू नका.

विशेषतः ड्राइव्हच्या नावाच्या ओळीला. संस्थेचा सर्व्हर, म्हणजे मुख्य कॉम्प्युटर, ज्या लिनक्स प्रणालीवर चालतो तिच्यात एकाच ड्राइव्हला दोन नावं असतात, एसटी-झिरो आणि एनएसटी-झिरो. पहिलं नाव वापरलं की काम संपताच टेप आपोआप गुंडाळून सुरुवातीला येते. दुसरं वापरलं तर ती जिथे थांबली तिथेच राहते आणि पुढचं काम तिथून पुढे लिहिलं जातं. तुम्ही पहिलंच ठेवा, नीटनेटकं दिसतं. रात्री १ वाजता ठेवींचा बॅकअप होतो, टेप गुंडाळली जाते. दीड वाजता कर्जखात्यांचा होतो, तोही अगदी सुरुवातीपासून, ठेवींच्या उरावर. दोन वाजता सभासदांचे फोटो आणि सह्या, कर्जांच्या उरावर. सकाळी रिपोर्ट येतो: यशस्वी, यशस्वी, यशस्वी. त्यात खोटं एक अक्षर नाही. तिन्ही बॅकअप खरोखरच झाले. फक्त टेपवर आता पासपोर्ट साइजचे गंभीर चेहरे तेवढे उरलेत. त्यांच्या पुढे जुन्या बॅकअपचा तुकडा शिल्लक असेलही, पण नवीन शेवटाची खूण पडली की ड्राइव्ह तिच्या पलीकडे जात नाही.

हे असं वर्षानुवर्षं चालू शकतं, कारण आपल्याकडे युटिलिटीकडे राखणदार म्हणून बघायची पद्धत पडली आहे. नवी टेप घालायची त्या दिवशी ड्राइव्हला उदबत्ती ओवाळतात, नारळ ठेवतात, आणि ज्येष्ठ कोणी गाऱ्हाणं घालतो: "बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान तुझ्या तोंडात नवी कोरी टेप घातलेली आसा, ती गॉड मानून घे. काय चुकला-माकला आसात तर पदरात घे, आनि सभासदांचो हिशोब जसोच्या तसो सांभाळ, म्हाराजा!" मागून सगळा स्टाफ, "व्हय म्हाराजा!" त्यानंतर वर्षभर त्या खोलीत कोणी फिरकत नाही.

इथे एक अडचण आहे, ती सांगायला हवी. आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या वहाणा वाहतात. देव रात्री राखणीला फिरतो म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. आणि लोक त्या झिजल्या का हे बघतात हो! देवाच्या बाबतीतसुद्धा तळवा उलटा करून बघणारी ही माणसं. तुम्ही इतक्या खोलात शिरू नका. 'यशस्वी'च्या खालचा लॉग, म्हणजे कामाची सविस्तर नोंद, उघडून वाचणं म्हणजे राखणदारावर अविश्वास.

वाचायचा मोह होऊ नये याची सोय करता येते. कळवण्याच्या पत्त्यात 'रूट' (सर्व्हरचं मुख्य खातं) राहू द्या. म्हणजे रिपोर्ट त्याच सर्व्हरवरच्या एका टपालपेटीत जाऊन पडतात आणि ती आजवर कोणी उघडलेली नसते. यात कमीपणा वाटायचं कारण नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेसच पुसला. मग बॅकअप शोधायला गेले तर तो डेटाबेस सॉफ्टवेअरच्या आवृत्तीच्या गोंधळामुळे होतच नव्हता, आणि होत नसल्याचे इशारेवजा मेल समोरचा मेल सर्व्हर परस्पर नाकारत होता. जगभरच्या प्रोग्रामरांचं काम सांभाळणाऱ्यांचं हे, तर तुम्ही बारा-पंधरा जणांच्या स्टाफपुढे का लाजायचं?

चेअरमन अधूनमधून विचारतील. उत्तर पाठ ठेवा.

"काय रे झिला, बॅकअप झालो मां?"

"झालो, अण्णानू."

दोघांनाही पुढचा प्रश्न सुचत नाही, हे या संवादाचं सौंदर्य.

बॅकअपची वेळ दिवसअखेरीच्या व्याज आकारणीशी नेमकी जुळवा. टार मधेच तक्रार करील की वाचता वाचता फाईल बदलली. करू दे. अर्धा डेटाबेस व्याजाआधीचा आणि अर्धा व्याजानंतरचा असा बॅकअप दुसऱ्या कुठल्या संस्थेकडे नसतो. सर्व्हर जुना असेल तर उत्तमच. ड्राइव्हची लिहिण्याची ताकद सेकंदाला ३०० एमबीच्या घरातली आणि सर्व्हर देतो थेंब थेंब. त्यामुळे टेप थोडी धावते, थांबते, मागे येते, पुन्हा धावते. रात्रीच्या वॉचमनला तेवढीच सोबत. यात टेपही घासते आणि ड्राइव्हचं लिहिणारं-वाचणारं डोकंही, पण ते घसाऱ्यात दाखवता येतं. सफाईचा केशरी दिवा लागला तर त्यावर दत्ताचा स्टिकर लावा.

आता पावसाळा. टेप दीर्घकाळ ठेवायची तर तापमान १६ ते २५ अंश आणि हवेतली आर्द्रता २० ते ५० टक्के असावी, असं टेप बनवणारे सांगतात. आपल्याकडे जुलैत हवेत ८०-९० टक्के पाणी असतं, पापड कडकडत नाही, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर हिरवी बुरशी चढते. तेव्हा वापरून झालेल्या टेपेची जागा म्हणजे संस्थेच्या मागच्या खोलीतलं ते लाकडी कपाट, भिंतीला ओल आलेली तेच. थंडगार एसी खोलीतून काढून थेट दमट हवेत नेली तर वर दव धरतं, म्हणून नव्या जागी दिवसभर तशीच ठेवून मग वापरायची असते. पण तुमची घाई ती घाई.

एखादी प्रत दुसऱ्या गावी ठेवावी, असं काही अतिशहाणे सुचवतील. त्यांना विचारा, कशाला? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन-दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. म्हणजे संकट कुठेही येतं. मग टेप सर्व्हरच्या शेजारीच, तळमजल्यावर, खालच्या कप्प्यात असलेली काय वाईट? जे व्हायचं ते दोघांचं एकदमच होईल, हळहळ एकदाच.

कोणती फाईल कुठल्या टेपवर आहे याची यादी काही युटिलिट्या ठेवतात. ती यादी त्याच सर्व्हरच्या डिस्कवर असू द्या. टेप एनक्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी) करत असाल तर किल्लीही तिथेच. डिस्क गेली की टेप सुखरूप, माहिती सुखरूप, आणि ती तुमच्यापासूनही सुखरूप.

जुना ड्राइव्ह भंगारात काढा, टेपा मात्र जपून ठेवा. एलटीओ या टेपांच्या पिढ्या असतात; एलटीओ-८ चा ड्राइव्ह एलटीओ-७ च्या टेपा वाचतो, एलटीओ-६ ला हात लावत नाही. त्यामुळे दहा वर्षांच्या टेपा कपाटात रांगेत उभ्या राहतात, ऑडिटरला लांबून दाखवायला छान. हट्टी ऑडिटर "रिस्टोअर करून दाखवा" म्हणाला, तर सभासदांच्या फोल्डरमधला पासपोर्ट साइजचा एक फोटो परत आणून दाखवा. फोटोच तर टेपवर आहेत. तो खूश होतो, चहा पितो, शेरा लिहितो: समाधानकारक.

आणि खरंच तो दिवस आला, तर गोंधळू नका. बाहेरच्या फळ्यावर सूचना लावा: तांत्रिक कारणास्तव सर्व सभासदांनी आपापली पासबुके घेऊन कार्यालयात उपस्थित राहावे. ठेवीदार पहिल्याच सकाळी, शटर वर जायच्या आधी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पासबुकं छातीशी धरून रांगेत उभे असतील, व्याजासकट आकडे तोंडपाठ. कर्जदारांची वाट बघत बसू नका. त्यांची पासबुकं पुरात गेली. ज्यांचं घर टेकडीवर आहे त्यांचीसुद्धा.